पितळेची शिल्लक

तंबाखू विकून रायाप्पा निपाणीहून घरी आला तेव्हा दिवस मावळायचा होता, पण पैसे मावळले होते. बायकोनं, राजमतीनं, ताट वाढण्याआधीच हात पुढे केला. रायाप्पानं कोपरीच्या खिशात दोनदा हात घातला आणि जे निघालं ते तिच्या तळहातावर ठेवलं.

"एवढंच?"

"वखारीत इक्रीची पट्टी चांगली झालती गं. वाटंत मष्णू भेटला. त्याच्या पोराला ताप हाय. म्होरं मारुतीच्या कळसाची वर्गनी मागाय लोक बसलंतं. आनि परशराम म्हनला, आठ दिसांत देतो."

"परशराम मागल्या सालीबी आठ दिसांतच देनार हुता."

"व्हय की. मीबी त्याला त्येच म्हनलो."

"मग?"

"मग त्यो हसला," रायाप्पा खाली बघत म्हणाला. "मानूस हसल्यावर मला न्हाय म्हनवत न्हाय."

राजमतीनं ताट वाढलं. अंधार पडायच्या आत जेवण उरकायचं होतं. जैनाच्या घरात भांडणालासुद्धा तेवढीच सवड. पण त्या रात्री तिला झोप लागली नाही. जमीन त्यांची चांगली होती, काळी आणि सपाट. नव्हते ते बैल. गावातला मोठा शेतकरी आणि पंच आण्णाप्पा याच्या गोठ्यात दोन जोड्या होत्या. त्यातली एक रायाप्पाला भाड्यानं मिळायची, पण आण्णाप्पाचं स्वतःचं सगळं रान कुळवून झाल्यावर. त्यामुळं रायाप्पाची लावण दरसाल गावात शेवटची. लावण उशिरा म्हणून पान लहान, पान लहान म्हणून भाव कमी, आणि भाव कमी म्हणून पुन्हा बैल नाहीत. त्यातून जे काही हाती येई ते असं वाटेतच संपे.

सकाळी उठल्या उठल्या ती म्हणाली, "हितनं म्होरं घरात रुपाया ठेवायचा न्हाय."

"मग कुठं ठेवायचा?"

"पितळंत. रुपाया कुनीबी मागतंय. हंडा कोन मागंल? दरसाल एक-एक मोठं भांडं घिऊ. पुरेसं वजन झालं की मोडू आनि बैल घिऊ."

रायाप्पाला हे इतकं पटलं की त्यानं ते वाटेत भेटलेल्या चार जणांना सांगितलं.

पुढच्या साली निपाणीच्या पेठेतून पहिला हंडा आला. तो घ्यायला राजमती स्वतः गेली होती आणि वखारीच्या दारातच तिनं नवऱ्याच्या हातातली रक्कम काढून घेतली होती. त्यानंतर एक मोठी परात आली, मग एक तपेलं आलं. एका साली भाव बरा मिळाला तेव्हा तर दोन माणसांना उचलावी लागेल अशी कढई आली. मधल्या सोप्यात भिंतीला लागून ती भांडी ओळीनं उभी राहिली. राजमती त्यांना चिंचेनं घासायची आणि त्यांच्यात तिला बैलांची शिंगं दिसायची.

मग परशरामच्या थोरल्या मुलाचं लग्न निघालं.

"आक्का," परशराम दारात उभा राहून म्हणाला, "निपाणीस्नं भांडी भाड्यानं आनायची म्हंजे गाडी आली, हेलपाटा आला. तुमच्याकडं हाईतच न्हवं?"

"ती स्वैपाकाची न्हाईत," राजमती म्हणाली.

"मग कशाची हाईत?"

हंड्याकडं बोट दाखवून हे बैल आहेत, असं कोण सांगणार? आणि परशराम पैसे तर मागत नव्हता. तो हसत होता. रायाप्पानं कढईचा एक कान धरून उचलायला सुरुवातही केली होती.

एक अट मात्र रायाप्पानंसुद्धा घातली. जैनाच्या भांड्यात मटण शिजता कामा नये. अट सगळ्यांनी मान्य केली. पण पाळली जाते की नाही हे बघायला कुणी तरी हवं, म्हणून भांडी जातील तिथं रायाप्पा जाऊ लागला. लग्नाला गेलेला माणूस चुलीपाशी बसून नुसता कढईत डोकावतोय हे बरं दिसेना, म्हणून तो आहेर नेऊ लागला. कधी खण, कधी पटका, कधी पायलीभर जोंधळे. भांडी परत यायची ती काळी होऊन आणि कल्हई उडून. कल्हईवाल्याला पैसे राजमती द्यायची, कारण दुसऱ्याच्या लग्नाला दिलेल्या भांड्याचे पैसे मागायचे कसे, हे रायाप्पाला कधीच जमलं नसतं.

"जनावर बरं," ती एकदा म्हणाली. "वैरन खातंय, पन काम तरी करतंय. ही शिल्लक नुसतीच खातीया."

त्यातच तिकडं लढाई सुरू झाली आणि इकडं पितळेचा भाव चढू लागला. आधी कुणाचा विश्वास बसला नाही. पण एक दिवस निपाणीचा मोडीचा व्यापारी गाडी आणि तराजू घेऊन गावात आला, सोप्यात डोकावला आणि त्यानं जो आकडा सांगितला तो राजमतीनं त्याला दोनदा सांगायला लावला. चांगली खिलार जोडी येऊन वर शिल्लक राहिली असती.

"पुढच्या बाजारादिवशी या," ती म्हणाली. "सगळं घासून ठिवते."

बाजाराच्या आदल्या दिवशी मष्णू आला. पोरीची हळद उद्यावर आली होती. राजमती विहिरीवर गेली होती. रायाप्पा एकटा घरात होता. ती परत आली तेव्हा सोप्यातली भिंत खालपासून वरपर्यंत दिसत होती.

व्यापारी रिकाम्या गाडीनं परत गेला. पुढच्या खेपेला तो आला तेव्हा भांडी वरच्या गल्लीत बारशाला गेली होती. जाताना त्यानं राजमतीला स्वच्छ सांगितलं, "आता म्होरल्या बाजारी एकदाच यीन. परत न्हाय."

त्या दिवसापासून राजमती घराबाहेर पडली नाही. पाणी शेजारच्या नागुबाईनं आणून दिलं. रायाप्पाला तिनं सक्त ताकीद दिली, "कुनाशी बोलायचं न्हाय. कुनी हसाय लागलं तर सरळ रानात जायचं."

व्यापारी यायच्या आदल्या दिवशी रायाप्पा दिवसभर रानातच होता. पण रानाच्या बांधावर आण्णाप्पा आला, आणि तो हसत नव्हता, त्यामुळं रायाप्पा गाफील राहिला.

"काय रं, आज तोंड लपवून फिरतोयस?"

"न्हाय अण्णा. उद्या भांडी मोडायची हाईत. राजमती म्हनली कुनाला सांगू नगा."

आण्णाप्पा खाली बसला. "भांडी मोडायची? आनि गावातली लग्नं?"

दिवस कलायच्या आत रायाप्पाच्या सोप्यात निम्मं गाव जमलं. राजमती आतल्या दाराआड उभी राहून ऐकत होती. सगळ्यात जास्त दुखावला होता तो परशराम.

"इतकी वर्सं आमी ती आपली म्हनून वापरली," तो म्हणाला. "माझ्या पोराच्या लग्नात हंड्याला पोचा पडला तवा मला जेवान ग्वाड लागलं न्हाय. आनि तुमी आमाला न इचारता मोडाय निघालासा?"

"माझ्या धाकटीचं लगीन अजून व्हायचं हाय," मष्णू म्हणाला. "थोरलीला ह्या भांड्यांत जेवान केलं आनि धाकटीला न्हाय, असं कसं हुईल?"

रायाप्पा एकेकाकडं बघत होता. त्याचा चेहरा उतरत चालला होता. "व्हय की," तो म्हणाला, "गावाची अडचन हुईल, हे माझ्या ध्यानातच आलं न्हाय."

दाराआड बांगड्या वाजल्या. आण्णाप्पानं घसा साफ केला. पंच म्हणून तो न्याय करायचा आणि न्याय करताना त्याला आपला आवाज फार आवडायचा.

"हे बघा, रायाप्पाचं नुस्कान करायचं न्हाय. भांडी गावानं इकत घ्यायची. व्यापाऱ्यानं सांगितला त्योच भाव. घरटी वर्गनी काढायची. पैशाची काळजी नगं, मी शब्द देतो."

सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणी किती द्यायचे ते ठरू लागलं. परशरामनं सगळ्यात मोठा आकडा सांगितला.

"रायाप्पाबी गावातलाच हाय," कुणी तरी म्हणालं. "त्याचा एक रुपाया धरा."

"दोन धरा," रायाप्पा म्हणाला.

"साकु!"

राजमतीचं माहेर चिकोडीच्या पलीकडचं, कानडी. राग अनावर झाला की तिला मराठी सुचायची नाही. पुरे, एवढंच ती म्हणाली होती, पण सोप्यातल्या सगळ्या माना दाराकडं वळल्या. ती पदर सावरून चौकटीत आली. बाप्यांच्या बैठकीत ती आजवर कधी आली नव्हती.

"आण्णाप्पा अण्णा, भांडी गावाची. कबूल. पन मला रुपयं नगंत."

"मग काय पायजे, आक्का?"

"बैल. रुपयं आमच्या उंबऱ्यावर आलं की माघारी जात्यात. तुमच्या गोठ्यात दोन जोड्या हाईत. एक आज दावणीला आनून बांधा. वर्गनी तुमी गोळा करून घ्या. गाव तुमाला न्हाय म्हनायचं न्हाय."

आण्णाप्पा हसला, मग त्याचं हसू अर्ध्यावर थांबलं. "आज? वर्गनी जमू दे की आदी."

"तुमी आत्ताच शब्द दिलासा न्हवं? का त्योबी वर्गनीतनंच येनार हाय?"

कुणी तरी मागं खुदकन हसलं. आण्णाप्पानं वळून बघितलं, पण इतके जण तोंड खाली घालून बसले होते की कोण ते कळेना. सगळ्या गावासमोर दिलेला शब्द होता. तो उठला, पटका सारखा केला आणि म्हणाला, "परशराम, चल. सोडून आनूया."

अंधार पडला तेव्हा रायाप्पाच्या दारात दोन पांढरे बैल वैरण खात उभे होते. भांडी कुठं ठेवायची हा प्रश्न त्यानंतर निघाला. बस्तीत, म्हणजे जैनांच्या देवळात, जागा नव्हती आणि मारुतीचं देऊळ गळत होतं. गावानं विचार करून ती रायाप्पाच्या सोप्यातच ठेवली. कल्हईचा खर्च मात्र इथून पुढं ज्याचं कार्य त्यानं करायचा, हे राजमतीनं सगळ्यांसमोर वदवून घेतलं. दुसऱ्या दिवशी व्यापारी आला, भांडी जागेवर बघून खूश झाला, आणि ती आता गावाची आहेत हे कळल्यावर आणलेला तराजू तसाच घेऊन गेला.

त्या साली रायाप्पाची लावण वेळेवर झाली. पान हत्तीच्या कानासारखं पसरलं. एका जोडीवर आण्णाप्पाचं मोठं रान मात्र उरकेना. शिवाय त्याला वर्गणीलाही फिरावं लागे. मष्णूच्या घरी पावणे आलेले असत. परशराम आठ दिवसांनी बोलवायचा आणि आठ दिवसांनी गेलं की हसायचा. आण्णाप्पा न्यायाला बसेनासा झाला; बैठकीत शब्द द्यायची वेळ आली की त्याला बाहेर काही तरी काम आठवायचं.

तंबाखू विकून झाल्यावर एका सकाळी तो रायाप्पाच्या दारात आला. अंगातली बंडी सैल झाली होती.

"रायाप्पा, सगळं गाव फिरलो. अजून कुनी कवडी दिली न्हाय. तू दोन रुपयं म्हनलातास."

रायाप्पानं त्याच्याकडं बघितलं, मग गोठ्याकडं बघितलं. त्याचा हात सवयीनं खिशाकडं गेला आणि तिथंच थांबला.

"म्होरल्या बाजारी बघू, अण्णा," तो म्हणाला.

आयुष्यात पहिल्यांदा तो कुणाला तरी नाही म्हणाला होता. ते त्याला स्वतःलाच इतकं नवीन होतं की तो कावराबावरा होऊन घरात शिरला. राजमतीनं सगळं ऐकलं होतं. कितीतरी वर्षं ती या एका शब्दाची वाट बघत होती. पण बाहेर उंबऱ्याशी उभा असलेला आण्णाप्पा तिला दिसला आणि तिला त्या शब्दाचा म्हणावा तसा आनंद होईना. ती आत गेली, उतरंडीमागून दोन रुपये काढून आणले आणि त्याच्या हातावर ठेवले.

"अगं, कुनीच दिलं न्हाय," रायाप्पा आतून म्हणाला.

"म्हनूनच," ती म्हणाली. "येका तरी घराचं फिटू दे."

आण्णाप्पानं रुपये मुठीत धरले. मग त्यानं गल्लीच्या तोंडाशी नजर टाकली. तिथं कट्ट्यावर परशराम आणि चार-पाच जण ऊन खात बसले होते आणि त्याच्याकडंच बघून हसत होते. त्यानं ते रुपये हळूच परत राजमतीपुढं धरले.

"आक्का," तो दबक्या आवाजात म्हणाला, "हे तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्यात. माझ्या नावानं. मी घरापत्तूर न्हेईन असं मला वाटत न्हाय."