गोकुळ टाकीत

नगरहून येताना सूर्यभान एसटीत नुसता फुगून बसला होता. ऐन दिवाळीत गोबर गॅसचे साहेब उद्या भंडारदऱ्याला त्याच्या घरी मुक्कामाला येणार होते. सोबत बाईसाहेबही होत्या, म्हणजे दौरा सरकारी आणि सहल घरची. साहेबांना गॅस पसंत पडला, की सरकारी विश्रामगृहात न मावणारे पाहुणे वर्षभर सूर्यभानच्या तीन खोल्यांत येणार होते. नाही पडला, तर खोल्या बंद करून मेहुण्याच्या पिठाच्या गिरणीत पांढरं व्हायला जायचं, असं बायकोसमोर ठरलेलं होतं.

धरणाच्या कडेला पाहुणे ठेवणारे बाकीचे लोक डोंगरावरची झाडं तोडून चुली पेटवायचे. सूर्यभानने सरपण वर्ज्य केलं होतं. "डोंगर बोडका झाल्यावर पाव्हनं काय माझं टक्कल बघाया येत्याल?" असं तो म्हणायचा. गोठ्यामागे त्याने खड्डा बांधून त्यावर लोखंडी पिंप पालथं घातलं होतं. खड्ड्यात शेणकाला ओतला की गॅस होई, पिंप वर चढे आणि नळीतून शेगडीला निळा जाळ मिळे. गाव हसलं, पण शेगडी पेटली.

घरी येऊन तो आधी गोठ्यामागे गेला. पिंप पार तळाला बसलं होतं.

"गोजर! टाकीला शेन घातलं न्हाई का?"

"कुठलं घालू?" गोजरबाई म्हणाली. "वसुबारसपासून पाटी पाटी शेन तुमच्या आईनं अंगनात नेलंय."

अंगणात दरसाल शेणाच्या चार गवळणी आणि एक पेंद्या व्हायचा. या खेपेला साहेब येणार म्हणून त्याच्या आईला, रंगुबाईंना, चेव आला होता. गायी, वासरं, ताक घुसळणारी यशोदा, वेशीवर पहारेकरीसुद्धा होते. सगळ्यांना झेंडूचे तुरे खोचलेले.

"आई, एवढं गोकुळ कशापायी?"

"सायबाला दिसाया नगं? तुजा गॅस कुनाला दिसतूय?"

सूर्यभान पाटी घेऊन शेजारच्या भिमाजीच्या गोठ्यावर गेला. भिमाजीकडे शेणाचा ढीग होता, पण तो ढिगापुढे आडवा उभा राहिला.

"आज लक्ष्मीपूजन. शेन म्हंजी लक्ष्मी. घरातली लक्ष्मी आज भाईर देत्यात व्हय? पाडव्याला ये, दोन पाट्या ने."

सगळ्या आळीने हेच सांगितलं. गावाची लक्ष्मी एवढी चिकट असेल, हे त्याला ठाऊक नव्हतं. शेवटी आई देवघरात वाती वळत बसलेली पाहून त्याने अंगणातलं अख्खं गोकुळ पाटीत भरलं आणि टाकीच्या तोंडात लोटलं. यशोदा गेली, गायी गेल्या. पेंद्या मात्र झेंडूसकट तोंडातच अडकला. सूर्यभान बांबूने ढोसत असताना मागून किंकाळी आली.

"मुडद्या! जित्या यशोदेला खड्ड्यात घातलीस?"

"आई, ती आतनं गॅस दील."

"तुजा गॅस घाल चुलीत!"

शेण आज घातलं आणि उद्या पेटलं, असं काही होत नाही. दुसऱ्या दिवशी साहेब आले तरी पिंप ढिम्म हललं नव्हतं. साहेबांनी आल्याआल्या चहा मागितला. सूर्यभानने शेगडीपाशी काड्यांची अर्धी पेटी संपवली. घरात सरपणाची ढलपी नव्हती, म्हणून गोजरबाईने जेवायचे दोन पाट फोडून मागच्या जुन्या चुलीत घातले. धूर थेट साहेबांच्या खोलीत गेला.

"हा धूर कसला?" साहेबांनी खोकत विचारलं.

"गॅसचाच," गोजरबाई पदर सावरत म्हणाली. "दिवाळीचा जरा जास्ती निघतूय."

सूर्यभानला ते सहन झालं नाही. लाज वाटून त्याचे डोळे भरून आले. साहेबांपुढे हात जोडून त्याने चूल, पाट, यशोदा, सगळं ओकून टाकलं.

साहेबांनी उठून आधी दार लावून घेतलं.

"म्हणजे गेल्या आठवड्यापर्यंत शेगडी खरोखर पेटत होती?"

"व्हय साहेब. दोन टायमाचा सैपाक हुत हुता."

"निळा जाळ?"

"निळा."

साहेब खाटेवर मटकन बसले. "सूर्यभानराव, माझ्या कागदांवर जिल्ह्यातल्या सगळ्या टाक्या जळताहेत. डोळ्यांनी मी अजून एकही पेटलेली पाहिली नाही. आणि येत्या आठवड्यात सचिवालयातून मोठे साहेब बघायला येताहेत. त्यांना मी दाखवू काय?" ते कासावीस झाले होते. "पाहुणे सगळे तुमच्याकडे पाठवतो, शब्द देतो. पण तोवर हे पिंप वर आलं पाहिजे. शेण कुठं मिळेल?"

"आज पाडवा हाय. आज देत्यात."

"मग बसलाय काय? पाट्या काढा!"

थोड्या वेळाने भिमाजी लगबगीने अंगणात आला. रंगुबाई गोकुळापायी अजून रुसून बसल्या होत्या, म्हणून त्याने सूर्यभानलाच बाजूला ओढलं. मागे रस्त्यावर पाटलोण गुडघ्यापर्यंत दुमडलेले साहेब डोक्यावर पाटी घेऊन गुरांमागे चालले होते, आणि बाईसाहेब पुढचा शेणाचा पोवटा बोटाने दाखवत होत्या.

"सूर्यभान," भिमाजी कुजबुजला, "पाव्हन्याकडून खोलीचं भाडं घेतूस, ते घे बाबा. पर वरनं शेनबी गोळा करून घेतूस, ह्ये काय बरं न्हाई."