घड्याळजींचा हात

“माझ्या हाताखालून गेलेलं घड्याळ अर्धं मिनिट जरी पुढे गेलं, तर दुकानाला कुलूप लावीन,” असं घड्याळजी गेली तीस वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत आले होते. कुणी विचारलेलं नसायचं, तरी ऐकवायचे.

घरातही त्यांचाच कायदा. बाहेरच्या खोलीतलं भिंतीवरचं लंबकाचं घड्याळ म्हणजे सरकार. मोबाईलवर वेळ बघणाऱ्याला त्या घरात चहा मिळत नसे. साहजिकच थोरली लेक आणि धाकटा मुलगा यांच्या शर्यतीचा पंचही तेच घड्याळ झालं.

शर्यत कसली, उभं वैरच ते. क्लबच्या धावण्याच्या संघात एकच जागा रिकामी होती आणि ती दोघांनाही हवी होती. रोज संध्याकाळी एकाने पाण्याच्या टाकीपर्यंत धावत जाऊन परत यायचं आणि दुसऱ्याने घड्याळासमोर बसून वेळ लिहायची, असं ठरलं. पण दोघांचीही वेळ दिवसेंदिवस बिघडतच चालली. नवाची अकरा मिनिटं झाली, अकराची तेरा. मग काय, थोरली पहाटे उठून दोरीवरच्या उड्या मारू लागली आणि धाकटा चार मजल्यांचा जिना दहा-दहा वेळा चढू-उतरू लागला. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी तक्रार केली, तेव्हा दोघांनी मिळून एकमेकांची नावं सांगितली.

इकडे घड्याळजींची झोप उडाली होती. दुकानातून आल्यावर मनगटावरचं घड्याळ भिंतीवरच्याशी ताडून बघायची त्यांची सवय. भिंतीवरचं चार मिनिटं पुढे! त्यांनी ते उघडलं, पुसलं, तेल घातलं. दुसऱ्या दिवशी आठ मिनिटं पुढे. त्यांनी स्प्रिंग बदलली. दुकानात नेऊन दिवसभर समोर टांगलं, तर बेटं सेकंदाला सेकंद बरोबर चाललं. घरी आणलं, की पुन्हा पळालं. त्यांनी खिळ्याची जागा बदलली, मग भिंत बदलली, मग भिंत हादरते म्हणून बायकोचा मिक्सर बंद केला. बायको पाट्यावर वाटता वाटता जे पुटपुटायची, ते लिहिण्यासारखं नाही.

हळूहळू त्यांनी धास्तीच घेतली. हात गेला आपला! दुकानात ते गिऱ्हाइकाचं साधं घड्याळसुद्धा तीन-तीनदा तपासू लागले आणि चांगली कामं “दुसरीकडे दाखवा” म्हणून परत पाठवू लागले.

सोमवारी निवड झाली. एका सेकंदाने थोरलीने जागा पटकावली. प्रशिक्षक म्हणाले, मागे कुत्रं लागल्यासारखी दोघं पळाली. धाकट्याने तेव्हापासून तिच्याशी अबोला धरला.

शनिवारी जेवताना घड्याळजींनी ताट बाजूला सारलं आणि येत्या सोमवारपासून दुकान बंद, असं जाहीर केलं. डोळ्यांत पाणी होतं. ते पाहून थोरलीला राहवेना. धाकटा पळायला गेला, की मीच काटा पुढे सरकवायची, ती रडत म्हणाली. धाकट्याचा घास अडकला. तोही हेच उद्योग ती पळायला गेली की करत होता. मग दोघांची अशी जुंपली, की आईला मध्ये पडावं लागलं.

घड्याळजींनी दोघांना मनसोक्त झापलं, पण चेहरा मात्र खुलला होता. हात शाबूत होता. त्यांनी ताट पुन्हा पुढे ओढलं, दोन पोळ्या जास्तच खाल्ल्या आणि विचारलं, “म्हणजे काल दहा मिनिटं पुढे होतं, तेही तुमचंच काम ना?”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

“काल? नाही बाबा. निवड झाल्यावर कशाला हात लावू? सोमवारपासून मी तर तिकडे फिरकलेसुद्धा नाही.”

“मीपण नाही,” धाकटा म्हणाला.

घड्याळजींनी ताट पुन्हा बाजूला सारलं.

“हो म्हणून टाकायला काय जात होतं तुमचं?” ते म्हणाले.