अस्तरातलं पाकट

"मांस नाही, मासा नाही, लसूण नाही, कांद्याची पातसुद्धा नाही! मग माझा भाऊ एवढ्या लांब जाणार कशाच्या बळावर? मुळ्याच्या?"

बुद्धाच्या देवळाच्या शंभर पायऱ्या चढताना जोम्रे आत्याने हा प्रश्न चौथ्यांदा विचारला. दम लागल्यामुळे तो दर वेळी थोडा लहान होत होता, एवढंच.

"आत्या, देवळात दुसरं काय मिळणार?" सोरान म्हणाली.

"तेच म्हणते मी. देऊळ कुणी निवडलं?"

देऊळ सोराननेच निवडलं होतं. वडील जाऊन एकोणपन्नास दिवस झाले होते. आज गेलेला जीव मागे वळून बघायचं सोडतो आणि पुढची वाट धरतो, म्हणून आजचा निरोप नीट व्हावा लागतो. घरी विधी केला असता, तर नैवेद्यात पूर्वेला मासा आणि पश्चिमेला मांस मांडावं लागलं असतं, आणि ते रांधायला सोरानखेरीज घरात कुणी नव्हतं. तिने अकरा वर्षांत मांस-माशाला हात लावला नव्हता. तिने लोकांना सांगितलं, "बाबांना शांतता आवडायची." बाबांना शांतता मुळीच आवडायची नाही.

मो मानसोक यांची नदीकाठी नाशपातीची बाग होती. दर पाच दिवसांनी गावात बाजार भरायचा आणि दर बाजाराला ते एकाच बाकावर बसून एकच पदार्थ खायचे. मडक्यात गवतावर ठेवून आंबवलेला पाकट मासा, त्यावर उकडलेल्या डुकराच्या मांसाची चकती, त्यावर तीन वर्षांची जुनी किमची, म्हणजे आंबवलेला तिखट कोबी. तिन्ही मिळून एक घास. त्या पाकटाचा वास नाकातून शिरतो आणि टाळूवरून बाहेर पडतो. परका माणूस पहिल्या घासाला उठून पळतो, दुसऱ्याला रडतो आणि तिसऱ्यानंतर तो परका राहत नाही. सोरान लहानपणी वडिलांच्या मांडीवर बसून हे बघायची. एवढा मोठा माणूस डोळे मिटून, श्वास रोखून, जणू देवाने हाक मारावी तसा थांबायचा. पुढे ती राजधानीत, सोलला शिकायला गेली, तिथेच राहिली आणि तिने मांस-मासे सोडले. त्यानंतर बापलेक त्या बाकावर एकत्र बसले नाहीत.

शेवटच्या आठवड्यात इस्पितळात ते म्हणाले होते, "एक तुकडा मिळेल का गं?" नर्स म्हणाली, "पाकट? सगळा मजला रिकामा करावा लागेल." सोरानने भोपळ्याची पेज नेली. नर्सने नाही म्हटल्यावर तिला क्षणभर बरं वाटलं होतं, आणि ते बरं वाटणं एकोणपन्नास दिवस काट्यासारखं टोचत होतं. रडू मात्र एकदाही आलं नव्हतं.

आत्याच्या काखोटीला वडिलांच्या कपड्यांचं गाठोडं होतं. विधीच्या शेवटी मागच्या अंगणात ते जाळायचे. कोटाचं अस्तर उसवलंय, शिवून आणते, असं म्हणून आत्याने ते आदल्या दिवशीच नेलं होतं, आणि आता ते सोडायला तयार नव्हती.

"दे मी घेते."

"राहू दे. गवत खाणाऱ्यांच्या हातात जोर नसतो."

पाहुण्यांच्या खोलीत आल्यावर मात्र आत्याला हात धुवायला जावं लागलं. तिने गाठोडं दारापाशी, थंड फरशीवर ठेवलं. सोरानला ते बघवेना. जमिनीखालून ऊब येते ती खोलीतली जागा घरातल्या थोरल्याची. बाबा आयुष्यभर तिथेच बसले, आणि आज शेवटच्या दिवशी त्यांचा कोट दारात? तिने गाठोडं उचललं, सगळ्यात उबदार कोपऱ्यात ठेवलं आणि वर रजई पांघरली.

अर्ध्या तासाने छोंगा नावाची तरुण भिक्षुणी दारात येऊन थबकली. ती सोलची. तिने एकदा हुंगलं, दुसऱ्यांदा हुंगलं, आणि तिचे डोळे भरून आले.

"संडास तुंबलाय!"

तिने दोन्ही संडासांना कुलूप लावलं, बादल्याच्या बादल्या पाणी ओतलं, आणि खालच्या गावातल्या मैला उपसणाऱ्याला फोन केला. खिडक्या उघडल्यावर खोली गार पडली, म्हणून तिने जमिनीखालची ऊब वाढवली. वास दुप्पट झाला. बागेशेजारचे आठ-दहा लोक विधीला आले होते. ते एकमेकांकडे बघायचे, मग फार आदराने स्वतःच्या मोज्यांकडे. छोंगाने धुपाच्या सहा काड्या एकदम पेटवल्या. आता धुपालाच तो वास येऊ लागला.

"शंभर वर्षांचं देऊळ आहे," ती कुजबुजली, "पण असं कधी झालं नव्हतं हो!"

विधीची वेळ झाली. सोरानने गाठोडं छातीशी धरलं, मूर्तीसमोर नेलं, आणि तिथे, वडिलांच्या फोटोपुढे, तिचा श्वास थांबला. हा संडास नव्हता. हा बाजाराचा दिवस होता, बाबांची मांडी होती. तिने कोट चाचपला. खिशात काही नव्हतं. अस्तरात होतं.

तिने आत्याकडे पाहिलं. आत्या बुद्धाच्या पायाची बोटं मोजत होती.

"आत्या, काय शिवलंस तू?"

"टाके."

"देवळात मांस आणलंस?"

"मांस? देवळात? माझं डोकं फिरलंय काय!"

"मग हा वास?"

"पाकट म्हणजे काय मांस होय गं? तो नुसता वास असतो. जरा जाडसर." आत्याचा आवाज खाली आला. "कोट जाळणारच होतो ना? त्याच्याबरोबर गुपचूप गेलं असतं. गार जागी ठेवलं होतं मी. तू कशाला शेकत बसलीस?"

सांगावं, तर विधी थांबणार आणि बाबा इकडचे ना तिकडचे होणार. न सांगावं, तर मूर्तीसमोर फसवणूक. आणि या सगळ्याच्या खाली एक तिसरीच गोष्ट होती: जो तुकडा तिने इस्पितळात बाबांना दिला नाही, तोच आता तिच्या छातीशी होता, आणि तिला तो सोडवत नव्हता. तिने गाठोडं आणखी घट्ट धरलं. पण कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही.

थोरल्या भिक्षुणी म्योजिन यांचा मंत्र मध्येच थांबला. त्या उठल्या, सरळ सोरानसमोर आल्या आणि डोळे मिटून एक लांब श्वास घेतला.

"बारा दिवस मुरलंय?" त्यांनी विचारलं.

"अकरा," आत्या म्हणाली. "घाई झाली, माताजी."

"गवतावर?"

"गवतावरच. तशी मी हयगय करत नाही."

"माझे वडील पाकटाच्या होडीवर होते," म्योजिन म्हणाल्या. "छत्तीस वर्षांनी हा वास आला." छोंगा त्यांच्याकडे पाहतच राहिली. थोरल्या भिक्षुणींना वडील होते, हे तिच्या कधी मनातच आलं नव्हतं. "बाहेर या. उसवा."

अंगणात स्वयंपाकघरातल्या कात्रीने अस्तर उसवलं. आत नाशपातीच्या फळांना झाडावर घालतात त्या कागदी पिशव्यांमध्ये पुड्या बांधलेल्या होत्या. पहिलीत पाकट, लालसर, काचेसारखं चमकणारं. दुसरीत जुनी किमची. तिसरी पुडी उघडताना सोरानने मान फिरवली. त्या पदार्थातली चकती कशाची असते, हे तिला सांगायला नको होतं.

"हा तर टोफू आहे," म्योजिन म्हणाल्या.

सोरान वळली. पनीरासारख्या पांढऱ्याशुभ्र, सारख्या कापलेल्या सोयाबीनच्या चकत्या होत्या.

"तो गेलं वर्षभर असाच खायचा," आत्या म्हणाली. "डुकराच्या जागी टोफू! सगळा बाजार हसला. मी तर तोंडावर म्हटलं, म्हातारपणी चळ लागला तुला. तर म्हणाला, पोरगी कधीतरी येऊन बसेल बाकावर. ती आली की ऐन वेळी तोंड वाकडं व्हायला नको, सवय करतोय."

"मला कधी बोलले नाहीत."

"बोलणार कसा? अजून आवडायला लागला नव्हता त्याला."

मग म्योजिननी तिन्ही पुड्या स्वतःच्या हाताने पुन्हा अस्तरात सारल्या.

"हे माझ्या स्वयंपाकघरात येणार नाही, आणि मूर्तीसमोरही नाही. पण माणूस अंगावरच्या कोटात काय घेऊन निघतो, ते तपासणं काही माझं काम नाही. शिवून टाका."

आत्याकडे सुई तयारच होती.

विधी पुरा झाला आणि मागच्या अंगणात कोट पेटला. आंबलेल्या पाकटाला आच लागली की त्याचा वास दसपट होतो, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तरी इतका मोठा वास कुणी पाहिला नव्हता. होय, पाहिलाच म्हणायचा. धूर खांबासारखा उभा राहिला, देवळाच्या कौलांवरून वाकला आणि दरीत उतरला. पाइनच्या झाडांवरचे पक्षी उठले. शेजाऱ्यांचे, छोंगाचे, म्योजिनचे, सगळ्यांचे डोळे घळाघळा वाहू लागले. त्यात सोरानही होती. ती किती वेळ रडली, ते कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि ती कशाने रडते आहे, हे कुणी विचारलं नाही.

तेवढ्यात मैला उपसणारा खांद्यावर जाड नळी घेऊन शेवटची पायरी चढला. त्याने हुंगलं, नळी खाली ठेवली आणि डोक्यावरची टोपी काढली.

"पाकट घेऊन कोण निघालं?"

"मो मानसोक," आत्या म्हणाली.

"नाशपातीवाले? ते टोफूवाले?" त्याने धुराकडे बघत खोल मान लवून नमस्कार केला. "थाटात चालले की!"

संडासात काही बिघाड नव्हता. तो मुकाट्याने नळी उचलून निघून गेला.

उतरताना देवळाचं दार ओलांडलं तशी आत्या पायरीवर बसली आणि पिशवीतून आणखी एक कागदी पुडी काढली. "थोडं उरलंय."

"आत्या, पाकट मासाच असतो."

"मग टोफू खा. वास फुकट."

सोरानने एक चकती तोंडात टाकली. रात्रभर पाकटाच्या कुशीत झोपलेला तो टोफू तिच्या नाकातून शिरला आणि टाळूवरून बाहेर पडला. ती डोळे मिटून, श्वास रोखून थांबली.

"काय गं? पळतेस की काय?"

सोरानने नुसता हात पुढे केला.