टिपणीसकाकांचं आपोआप उघडणारं दार

“हात नको! दाराला हात लावू नका, सबनीस! ते आपोआप उघडणार आहे!”

ऑकलंडच्या हिल्सबरो भागातल्या शाळेच्या हॉलमध्ये टिपणीसकाका असे काही ओरडले, की बाहेर उभ्या दोन गाड्यांचे अलार्म वाजायला लागले. आमच्या मंडळाचे अध्यक्ष सबनीस सायकलचं हेल्मेट घालून अंतराळयानाच्या दारापुढे उभे होते. यानाचे कॅप्टन तेच. दार म्हणजे प्लायवूडची फळी, आणि ‘आपोआप’ म्हणजे फळीमागे दोर धरून उभे असलेले, पंच्याहत्तरी उलटलेले काका. गणपतीतल्या नाटकाची तालीम होती. बाकीचे आम्ही ऑफिसातून थेट आलेलो. अंतराळवीर खुर्च्यांवर घोरत होते.

काका मुलाकडे कायमचे राहायला आले, तेव्हापासून मी त्यांचा शेजारी आणि बिनपगारी ड्रायव्हर. ब्लॅक अँड व्हाइटच्या जमान्यात मुंबईच्या टीव्ही केंद्रात त्यांनी अंतराळावरची मालिका केली होती. केली म्हणजे, दार ओढलं. पण त्यांच्या तोंडून ऐकाल तर माणसाला तारे दाखवले ते यांनीच. यानाची यंत्रसामग्री म्हणजे उलटी टांगलेली इडलीपात्रं. मंगळाची जमीन भाजलेल्या रव्याची; शूटिंग संपल्यावर तिचा शिरा झाला आणि अख्ख्या युनिटने मंगळ खाल्ला.

“तंत्रबिंत्र काही नसतं हो, मागे माणूस असतो,” हे त्यांचं तत्त्वज्ञान. त्यापायी सुपरमार्केटचं काचेचं दार सरकलं, की ते थांबून भिंतीला “थँक यू बरं का” म्हणत. मागे मी ट्रॉली घेऊन, आणि माझ्यामागे निम्मं ऑकलंड ताटकळत.

ती मालिका आज कुठेच नाही. टेप महाग, म्हणून केंद्राने तिच्यावरच खतांचा कार्यक्रम रेकॉर्ड केला. “आमच्या यानावर युरिया पडला!” हा विनोद मी इतक्यांदा ऐकला होता, की एकदा कंटाळून म्हणालो, “जाऊ द्या ना काका. गेली मालिका.”

“मालिका गेली तर गेली हो. त्यात मंदा होती.”

यानाच्या कॉम्प्युटरचा आवाज मंदाकाकूंचा होता. त्या केंद्रात टायपिस्ट; दिवसभर टायपिंग करून दमलेला, सपाट आवाज. ठरलेली नटी आली नाही म्हणून यांनीच त्यांना माइकपुढे उभं केलं. पुढे लग्न, संसार, आणि काकू गेल्यासुद्धा. घरात फोटोंचे ढीग, पण आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता. “फोटो बोलत नाहीत हो,” काका म्हणाले.

म्हणूनच नाटकातल्या कॉम्प्युटरसाठी त्यांना कोणी पसंत पडेना. मंडळातल्या बायका दमल्या. सौ. सबनीसांना तर म्हणाले, “वहिनी, तुमचा आवाज ऐकून यान सुरू होणार नाही, हळदीकुंकू सुरू होईल.” त्या वर्षी सौ. सबनीसांनी मोदक केले नाहीत.

प्रयोगाच्या दिवशी हॅमिल्टनहून काकांची नात केतकी आली. गायींची डॉक्टर. आपल्या गणपतीच्या सुमाराला तिकडच्या गायी विणार, त्यामुळे गमबूट घालून ती आठवडेच्या आठवडे गोठ्यांत. तिला मराठी समजतं, उत्तर इंग्रजीत येतं.

“आबा, आय हॅवन्ट स्लेप्ट.”

“एकच वाक्य आहे गं,” म्हणत आबांनी तिच्या हातात माइक दिला आणि दोर धरायला फळीमागे गेले.

हॉल गच्च भरला होता. कॅप्टन सबनीस दारापुढे आले. आणि माइकमधून केतकीचा आवाज आला. दमलेला, सपाट, जरासा बसलेला. “कॅप्टन, दार उघडत आहे. सावकाश या.”

दार उघडलं नाही. सबनीस ऐटीत चालत गेले आणि हेल्मेटसकट प्लायवूडवर आदळले. हॉल असा हसला, की मनुकाऊ बंदरातली ओहोटी क्षणभर थबकली म्हणतात.

मी धावत मागे गेलो. काका दोन्ही हातांत दोर घट्ट धरून, डोळे मिटून उभे. हाका मारल्या; हलेनात. शेवटी त्यांच्या हातावर हात ठेवून मीच दोर ओढला, आणि सबनीस यानात कोसळले. टाळ्या!

नाटकानंतर पावभाजीची प्लेट घेऊन केतकी आबांशेजारी येऊन बसली. “आबा, यू हॅड वन जॉब! व्हाय डिडन्ट यू पुल?”

काका चहा फुंकत म्हणाले, “ऐकत होतो.”