चौकटीचा डावा कोपरा

स्वतःच्या हातांवर विश्वास असणं ही माणसाची थोर शक्ती होय. फक्त ती कोणत्या दिवशी उसळेल याचं वेळापत्रक उपलब्ध नाही. आमच्या भाऊजींच्या अंगात ती मंगळवारी सकाळी दहाला उसळली.

त्याच दिवशी चार वाजता ताईची मुलाखत होती. नऊ वर्षं घर सांभाळल्यानंतरची पहिली, आणि तीही लॅपटॉपवरून. त्याच्या पडद्याभोवतीची प्लॅस्टिकची चौकट डाव्या कोपऱ्यात सुटली होती. अंगठ्याने दाबली की टक्‌ करून बसायची आणि आठवडाभर हूं की चूं करायची नाही.

"मुलाखत झाल्यावर बघा ना," ताई म्हणाली.

"पाच मिनिटांचं तर काम!" (सदर पाच मिनिटं सहा तास चालली.)

अभ्यासाशिवाय हत्यार उचलणाऱ्यांपैकी भाऊजी नव्हेत. त्यांनी अकरा व्हिडिओ पाहिले: सात भलत्याच लॅपटॉपचे, तीन मोबाइलचे, एक वॉशिंग मशीनचा (उद्बोधक असल्याने दोनदा). एकच कोपरा सुटलेला आणि तीन घट्ट, हा अन्याय त्यांना पाहवेना. सबब चौकट चारही बाजूंनी सोडवण्यात आली. साधनं: मुदत संपलेलं लायब्ररीचं कार्ड, हेअर ड्रायर आणि भुवया कोरायचा चिमटा (ताईचा, विनापरवानगी). दोन वाजेपर्यंत प्रगती समाधानकारक होती. चार स्क्रू निघाले, त्यांपैकी तीन सापडले आणि कॅमेरा बारीक वायरीला लोंबकळू लागला.

"अहो, हा चालेल ना?"

"कॅमेरा शाबूत आहे. फक्त लॅपटॉपशी त्याचे संबंध उरलेले नाहीत."

ताई उठून आपला फोन चार्जिंगला लावू लागली. भाऊजींनी ही संमती समजून काम पुढे चालू ठेवलं.

चार वाजता तिने ओट्यावर फोन पिठाच्या डब्याला टेकवला. पलीकडच्या बाईंनी विचारलं, "भोवती गोंधळ असताना तुम्ही डोकं शांत कसं ठेवता?"

ताईने फोन हॉलकडे वळवला. टेबलाखाली भाऊजी तोंडात विजेरी धरून, पालथे पडून चौथा स्क्रू शोधत होते.

बाईंनी पडद्याजवळ वाकून नीट पाहिलं.

"आमच्याकडेही एक आहेत," बाई म्हणाल्या. "सोमवारपासून येऊ शकाल?"

ताई फोन ठेवून रडता रडता हसू लागली. भाऊजी म्हणाले, "लॅपटॉप धड असता, तर सुचलं असतं हे उत्तर?"

आपण हसलात. हरकत नाही. परंतु गळका नळ 'प्लंबर कशाला, रविवारी मीच बघतो' म्हणून आपण राखून ठेवला आहे, आणि घरच्यांनी शनिवारीच बादल्या भरून ठेवल्या आहेत, हे आपल्या लक्षात आलेलं दिसत नाही.