पंख्याऐवजी परिषद

खोरगडेंना जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्यावर लिहा, असं कुणी म्हटलं की मी डोळ्यांचं कारण सांगायचो. आता मोतीबिंदू काढून झाला. कारण उरलं नाही.

आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे खोरगडे पेपरात आधी निधनवार्ता वाचत. मग तेरवीच्या दिवशी पांढरा बुशशर्ट घालून सायकलवर निघत. प्रताप नगर असो की कामठी, ओळख असो की नसो. जेवत, डोळे पुसत आणि घरची माणसं मयताच्या नावानं कॉलेजला पंखा देण्याचं बोलू लागली की सुरू होत.

“पंखा काहून देता गा? त्याच्यावर धूळ बसते. बाबूजीच्या नावानं एखादं शिकणारं पोरगं परिषदेले पाठवा. बाबूजीचंही कलकत्ता पाहणं होते.”

कामठीत एकदा मयताचा भाऊ उखडला. “आमचा दादा जिंदगीत कामठी सोडून गेला नाही, मास्तर.”

“मंग तर पाठवाच. किती दिवस घरात बसवता त्याले?”

तेरवीच्या घरात भाऊ खुदकन हसला. दादांच्या नावानं प्रवास पुरस्कार सुरू झाला.

अशा पुरस्कारांवर आमची संशोधन करणारी मुलं दूरदूर निबंध वाचून आली. खोरगडेंची अट एकच. परतल्यावर स्टाफरूममध्ये येऊन सगळं सांगायचं. शास्त्रातलं नाही.

“बर्थ वरचा भेटला का खालचा? नाव पुकारलं तेव्हा पाय कापले का?”

“सर, मले तर समोरचं काही दिसूनच नाही राहिलं होतं,” सुनंदा नावाची विद्यार्थिनी म्हणाली. तेवढा भाग त्यांनी तिला पुन्हा सांगायला लावला.

ते स्वतः नरखेडच्या पुढे गेले नव्हते. तिथल्या संत्र्यांच्या बागांत, झाडांच्या डिंक्या रोगावर त्यांचं काम चाले.

ते का गेले नाहीत, हे फक्त मला ठाऊक आहे. साठच्या दशकात विभाग माझ्याकडे होता. कलकत्त्याच्या परिषदेनं आम्हा दोघांचे निबंध स्वीकारले. सुट्टी एकालाच मिळणार होती आणि त्यांचा निबंध माझ्यापेक्षा सरस होता. परिषदेचं त्यांच्या नावाचं पत्र कॉलेजात आलं तेव्हा ते बागांत होते. मी ते ड्रॉवरमध्ये ठेवलं, कलकत्त्याला जाऊन आलो आणि मग त्यांच्या हातात दिलं.

“उशिरा आलं,” मी म्हणालो.

पाकिटावर टपालाचा तारखेचा शिक्का होता. तो त्यांनी पाहिला असणारच. “बरं,” म्हणाले आणि पाकीट खिशात घातलं.

पुढे माझी बायको गेली. तेरवीला खोरगडे माझ्या शेजारी नुसते बसून राहिले, काही मागितलं नाही. पुरस्काराचं मीच काढलं. त्यावर गेलेली पहिली मुलगी परतून सगळं सांगून गेली, तेव्हा स्टाफरूममध्ये आम्ही दोघंच उरलो.

“सर, तुम्ही तर तिथं बोलून आले,” ते म्हणाले. “आपल्याले कधी सांगितलंच नाही. कसं असते?”

मी सभागृहाची उंची सांगितली, माइकची खरखर सांगितली. मुलांचं ऐकत तसेच ते पुढे झुकून ऐकत होते.

“आन् नाव पुकारलं तेव्हा?”

खोरगडे, तिथं तुमचं नाव पुकारायला हवं होतं, मला माफ करा. वाक्य कित्येक वर्षं तयार होतं.

“चहा सांगू का?” मी विचारलं.