सासूबाईंची गाडी आणि बगळ्याचे गुडघे

पावसात गाडी चालवावी ती मीच! ही बढाई नाही, आमच्या लुइझियानातल्या बायूकाठच्या कुणालाही विचारा. बायू म्हणजे ओढा म्हणावा तर वाहत नाही आणि तळं म्हणावं तर संपत नाही, असलं पाणी. त्याच्याच काठी मी जन्मले, तिथेच लग्न केलं, तिथेच म्हातारी झाले. रस्ता कुठे संपतो आणि पाणी कुठे सुरू होतं हे आमच्याकडे नकाशे काढणाऱ्यांनाही नक्की ठाऊक नसतं. मला असतं! साठ वर्षं गाडी चालवली, पाण्यात एकदाही बंद पडली नाही.

बरं, एकदा पडली. तेच सांगायला बसले आहे.

गाडी माझ्या सासूबाईंची. मादाम झुल्मा प्लेझांस. बाटलीसारख्या हिरव्या रंगाची, होडीएवढी लांब गाडी. वीस वर्षांत ती चर्च आणि डॉक्टर यांपलीकडे गेली नव्हती. त्या वर्षी ईस्टरच्या आधीच्या उपासांत सासूबाई गेल्या. जाण्यापूर्वी त्यांनी आम्हा दोघांना पलंगाशी बोलावलं.

"ओव्हिद, माझी गाडी."

"हो आई," माझा नवरा म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते.

"सर्व संतांच्या दिवशी सगळे आपापल्या माणसांच्या थडग्यांवर मेणबत्त्या लावायला येतात. तू माझी गाडी घेऊन यायचंस. चालू इंजिनाने, फाटकापर्यंत. तीनदा हॉर्न वाजवायचास. म्हणजे मला कळेल, सगळं ठीक आहे."

"वाजवीन, आई."

"दर वर्षी. पावसापाण्याची सबब नको." मग त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "गाडी आली नाही, तर मीच घरी येईन."

एवढं बोलून त्यांनी एक उसासा सोडला आणि गेल्या.

त्या उसाशाबद्दल सांगायला हवं. एकतीस वर्षं मी तो ऐकला होता. मी गंबोत, म्हणजे आमच्याकडच्या कोळंबीच्या दाट रश्श्यात, भेंडी घातली की तो यायचा. खिडकी उघडली की यायचा, लावली की यायचा. खालच्या पट्टीत सुरू होऊन वर चढत जायचा, "हूऽऽऽऊऽऽ!" जणू विहिरीत पडलेलं मांजर. त्यामुळे "मीच घरी येईन" म्हटल्यावर ओव्हिद रडला आणि माझ्या पाठीवरून मात्र गार काहीतरी सरकत गेलं. पुढचे सात महिने मी सुखात काढले. खिडक्या उघड्या, भेंडी हवी तेवढी! एकच काम लक्षात ठेवायचं होतं, त्या दिवशी गाडी फाटकापर्यंत न्यायची. ते काय, चर्चच्या मागेच तर दफनभूमी!

पण ओव्हिद त्याच वर्षी कोळंबीच्या बोटीवरून निवृत्त झाला. इंजिनाशिवाय त्याचे हात शिवशिवायला लागले. एके दिवशी पोस्टाने एक लांबलचक खोकं आलं. आत चकचकीत वाकडी नळी आणि तिच्या टोकाला लाल रंगाचा, लसणाच्या गड्ड्यासारखा एक फुगीर फिल्टर.

"अर्झेली, माणसाला उन्हात पळवलं तर तो धापा टाकतो की नाही?"

"टाकतो."

"आणि गार हवेत?"

"गार हवेत तू घरात बसतोस."

"अगं, इंजिनाचंही तसंच! आत्ता ते बॉनेटखालची तापलेली हवा ओढतंय. ही नळी लावली की खालची, बंपरमागची गार हवा ओढेल. दहा घोड्यांची ताकद वाढते!"

"सासूबाईंच्या गाडीला दहा घोडे कशाला? चर्च अर्ध्या मैलावर आहे!"

"तुला इंजिनातलं काही कळत नाही," तो म्हणाला. असं म्हणणाऱ्या माणसाशी मी वाद घालत नाही. नंतर काय होतं ते बघत बसते.

खोक्यात एक सूचनांचा कागद होता. त्यावर पाण्याच्या लाटांचं चित्र होतं आणि चित्रावर भलीमोठी फुली.

"हे काय?" मी विचारलं.

ओव्हिदने चष्मा वर करून पाहिलं. "गाडी समुद्रात नेऊ नका म्हणतायत. मूर्ख लोक! गाडी समुद्रात नेतं का कुणी?"

तो कागद मी क्रॉफिशची, म्हणजे बायूतल्या झिंग्यांची, टरफलं गुंडाळायला वापरला.

मूळच्या गाडीत हवा ओढायचा काळा डबा पार वर, बॉनेटच्या काठाशी होता. ओव्हिदने तो काढून फळीवर टाकला. नळी खाली नेली आणि तो लाल गड्डा बंपरच्या मागे टांगला, जमिनीपासून जेमतेम वीतभर वर. मग गाडीत बसून त्याने किल्ली फिरवली आणि पाय दाबला.

"हूऽऽऽऊऽऽ!"

माझ्या हातातली कॉफीची किटली खाली पडली. ओव्हिद गाडीतच छातीवर क्रूसाची खूण करत बसला होता. त्याने पाय उचलला, उसासा थांबला. पुन्हा हळूच दाबला. "हूऽऽऽऊऽऽ!" तीच पट्टी, तोच चढ! फक्त शेवटी "भेंडी" म्हणायचं बाकी होतं.

"काढ ती नळी!" मी ओरडले.

"हवा जोरात ओढली जाते, त्याचा आवाज आहे," तो म्हणाला. पण त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. संध्याकाळी पाहते तर तो अंगणात गाडी चालू करून बसलेला. पाय दाबत होता, सोडत होता आणि हळू आवाजात दिवसभरातल्या गोष्टी सांगत होता.

"कुणाशी बोलतोयस रे?"

"कुणाशी नाही," तो म्हणाला. गाडीने उसासा टाकला.

मग मी नळीचं नाव काढलं नाही. सात महिने त्या माणसाला मी आईसाठी रडताना पाहिलं होतं. कुणाला आई फोटोत सापडते, याला नळीत सापडली. मी फक्त स्वयंपाकघराची खिडकी लावून घ्यायला लागले.

सर्व संतांच्या दिवसाआधी आखातावरून वादळ आलं. तीन दिवस आणि तीन रात्री पाऊस. आमच्याकडे जमीन खणली की पाणी लागतं, म्हणून थडगी जमिनीवरच विटांची बांधतात आणि पेटी तोंडातून आत सरकवतात. आठवड्यापूर्वी आम्ही थडग्याला चुना दिला होता. तो धुऊन गेला असणार. त्यात थडग्याच्या तोंडाला संगमरवराची पाटी अजून बसलीच नव्हती. गवंड्याने नुसत्या विटा रचून ठेवल्या होत्या आणि मार्चपासून "उद्या येतो" म्हणत होता. दुपारी चारला फादर ओदिलाँ थडग्यांवर पवित्र पाणी शिंपडत फिरणार होते. त्या दिवशी आकाशातूनच इतकं पडत होतं की त्यांच्या भांड्यातल्या चार थेंबांची मला दया आली.

साडेतीनला ओव्हिद काचेच्या बरण्यांतल्या मेणबत्त्या मांडीवर घेऊन बसला. चाकाशी मी! पावसात गाडी चालवायची असली की तो मुकाट्याने किल्ली माझ्याकडे देत असे. बाहेर असा उजेड होता की पहाट आहे की संध्याकाळ ते कळेना. वाटेत एकही गाडी नाही. झाडांवरून लोंबणारं करडं शेवाळ पाण्याने जड होऊन रस्त्यापर्यंत आलं होतं आणि काचेवरून ओल्या केसांसारखं घासत जात होतं. मी पाय दाबला की सासूबाई उसासा टाकत. ओव्हिद दर वेळी म्हणे, "आलोच, आई."

"तू गप्प बसशील का जरा!"

चर्चच्या वळणापुढे रस्ता खाली उतरतो. तिथे पाणी साचलं होतं, काळं आणि स्थिर. पलीकडे तीसेक पावलांवर दफनभूमीचं फाटक. मी गाडी थांबवली आणि बगळा शोधला.

आमच्याकडे पाण्याचा अंदाज काठीने घेत नाहीत, बगळ्याने घेतात. रस्त्यावर पाणी चढलं की राखी बगळा मासे टिपायला येऊन उभा राहतोच. त्याच्या पायाच्या मधली गाठ, म्हणजे आम्ही गुडघा म्हणतो ती, पाण्यावर दिसत असली तर गाडी घालायची. दिसत नसली तर घरी जाऊन कॉफी प्यायची. माझ्या आजोबांनी या हिशेबाने बैलगाडी नेली, वडिलांनी ट्रक नेला आणि मी सगळं काही नेलं.

बगळा होता. बरोबर रस्त्याच्या मध्यावर, एका पायावर. गुडघा पाण्याच्या चांगला बोटभर वर!

"दिसतोय!" मी म्हणाले. "धर मेणबत्त्या!"

"अर्झेली, जरा थांबूया का?"

"चारला पाच कमी आहेत. तुझी आई थांबणारी बाई होती का?"

मी गाडी घातली. बगळा उडाला नाही. त्याने फक्त मान वळवली आणि आमच्या बंपरकडे पाहिलं, जिथे तो लाल गड्डा होता तिथेच. बिचाऱ्याला आजोबांची बैलगाडी ठाऊक, नळी कुठे ठाऊक!

मध्यावर गाडीने उसासा टाकायला सुरुवात केली, "हूऽऽऽ..." आणि मग गुळण्या केल्यासारखा आवाज आला, "गुळ्... गुळ्... गुळ्." सासूबाई उसासा टाकता टाकता पाणी प्याल्या, दुसरं काय सांगू! इंजिन बंद पडलं. बगळाही कुठे गेला दिसेना. पाऊस तेवढा छपरावर बोटं वाजवत होता.

"किल्लीला हात लावू नकोस!" ओव्हिद पटकन म्हणाला. "आत पाणी गेलं असेल तर फिरवायची नाही. बोटीवर आम्ही कधी फिरवत नसू. मी आधी बघतो." तो मेणबत्त्या सीटवर ठेवून पाण्यात उतरला आणि बॉनेट उघडून त्याच्याआड गेला.

मी एकटी बसले. चार वाजले. फाटकापाशी फादरांची काळी छत्री दिसत होती, हलत नव्हती. डाव्या हाताला दफनभूमीचं कुंपण आडवं झालं होतं आणि आत खोलगटातली पांढरी थडगी निम्मी पाण्यात बुडाली होती. मी आमचं थडगं शोधलं. सापडलं. पण त्याच्या तोंडाशी विटा नव्हत्या. तिथे नुसता एक काळा चौकोन होता.

मग मला ती दिसली.

दोन थडग्यांमधल्या वाटेने, अजिबात घाई न करता, एक शवपेटी येत होती. तपकिरी, पितळी कड्यांची. ती मीच पसंत केली होती, ओळखणार नाही? कुंपणापाशी ती थबकली. इकडे जावं की तिकडे, असा विचार केल्यासारखी थोडी वळली आणि रस्त्यावर आली. सरळ गाडीकडे.

पेटी जवळ आली. माझ्याच दाराशी आली. आणि लाटेबरोबर दारावर वाजली.

ठक.

ठक.

"सासूबाई, आलोच होतो हो!" मी पुटपुटले. "इथवर आलोच होतो!"

ठक.

आणि माझ्या हाताने किल्ली फिरवली. मी नाही फिरवली, हाताने फिरवली! इंजिनाने एक क्षण जीव धरला, भलामोठा उसासा टाकला, "हूऽऽऽऊऽऽ!" आणि पोटात कुणीतरी तवा आपटावा तसा आवाज झाला, "कडाड्!"

बॉनेटच्या बाजूने ओव्हिदचं डोकं वर आलं. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं. मग पेटीकडे. मग पुन्हा पेटीकडे.

"आई?"

पेटी हळूच सरकली आणि त्याच्या गुडघ्यांना टेकली. मी त्याला इतकं शांत कधी पाहिलं नव्हतं. त्याने पट्टा काढला, पेटीच्या कड्यातून ओवला आणि बंपरला बांधला. "वाहून जाऊ नये म्हणून," तो म्हणाला. मग खिडकीशी येऊन त्याने विचारलं, "अर्झेली, तू किल्लीला हात लावलास का?"

"मी?" मी म्हणाले. "माझे दोन्ही हात जपमाळेत होते!"

जपमाळ घरी खुंटीवर होती.

"मग गाडी आपोआप..." त्याने टोपी काढली.

तेवढ्यात फादर ओदिलाँ झगा वर धरून पाण्यातून आले. त्यांनी गाडी पाहिली, पेटी पाहिली, पट्ट्याशिवायची विजार एका हाताने धरून उभा असलेला ओव्हिद पाहिला. त्यांनी भांड्यातलं पाणी तिघांवरही शिंपडलं.

"फादर, आता हिला कुठे न्यायचं?" ओव्हिदने विचारलं.

"चर्चमध्ये गुडघाभर पाणी आहे. शवगृहात त्याहून जास्त." फादर विचारात पडले. "गावात कोरडं घर एकच राहिलंय, तुमचं. खांबांवर आहे ना! आणि शेवटी घर त्यांचंच."



सहा जणांनी होडीतून पेटी आणली. पुढच्या खोलीत, खिडकीपाशी, दोन खुर्च्यांवर ठेवली. थडग्याची भिंत बांधून पाटी बसेपर्यंत सासूबाई आमच्याकडे राहिल्या, अकरा दिवस. शेजारपाजारचे टोपी हातात धरून बघायला येत. ओव्हिद दारात उभा राहून सगळ्यांना सांगे, "म्हणाली होती ना, गाडी आली नाही तर मी येईन! मी गाडीत ढवळाढवळ केली ते तिला खपलं नाही. इंजिनाला हात लावला आणि कडाड् करून मोडलं! स्वतःच्या कानांनी ऐकलं मी." लोक माझ्याकडे बघत. मी मान हलवून सगळ्यांना कॉफी देई.

बाराव्या दिवशी गॅरेजवाला नेस्टर हात पुसत आला. ओव्हिद मागच्या अंगणात होता, देवाचीच कृपा.

"मादाम अर्झेली, पिस्टनचे तीन दांडे वाकलेत. इंजिन गेलं."

"पाण्याने?"

"पाणी नळीतून आत गेलं हे खरं. पण नुसतं बंद पडल्याने काही बिघडलं नव्हतं. प्लग काढून पाणी उपसलं असतं, तर तासाभरात सुरू झालं असतं. अंधार पडायच्या आत फाटकाशी उभी असती गाडी." त्याने आवाज खाली आणला. "हे नंतर झालंय. कुणीतरी किल्ली फिरवलीय."

"हो का?" मी म्हणाले. "थोडा गंबो घेणार, नेस्टर? गरम आहे."

त्याने तीन वाट्या गंबो घेतला आणि पुढे एक शब्द बोलला नाही. फार भला माणूस होता.

ओव्हिदला मी शेवटपर्यंत सांगितलं नाही. सुरुवातीला धीर झाला नाही, पुढे ती गोष्ट सांगताना त्याचा चेहरा इतका उजळायचा की मोडवेना. आई आपल्याला भेटायला आली होती, असं मानून तो बावीस वर्षं समाधानात जगला. गेल्या हिवाळ्यात गेला. त्याला त्याच थडग्यात, आईशेजारी ठेवलंय.

आता तुम्हाला सगळं सांगून बसले आहे खरी. पण उद्याच सर्व संतांचा दिवस आहे, सकाळपासून पाऊस लागलाय, आणि मायलेक दोघं इथून फार लांब नाहीत. तेव्हा कृपा करून हे मनातल्या मनातच वाचा.